सम मोकळी सोडणारं संगीत

बेळगावकडच्या माणसाला साल्सा हा क्युबाकडच्या संगीतावरचा जोडीचा नाच शिकवायला घेतला की पहिल्याच तासाला त्याचा पाय एका ठरावीक जागी चुकतो. आठ मात्रांत पाऊल एकवर टाकायचं असतं. तो टाकतो चारवर नाहीतर आठवर, आणि वर त्याची खात्री असते की आपण बरोबर समेवर आहोत. कान कच्चा म्हणून हे होत नाही. ज्यांचा कान भजनात, लेझमीत, हलगीवर तयार झालाय त्यांचंच हे जास्त होतं. आपल्याकडे सगळ्यात जड घाव समेचा. साल्सात जड घाव समेच्या आधी पडतो आणि समेची जागा बऱ्याचदा मोकळी असते. हे कानाला पटलं की पावलं लवकर येतात. पटलं नाही तर वर्षभर क्लास लावूनही माणूस नुसते पाय आपटत राहतो. म्हणून इथं पावलं उशिरा येतील.

आधी मोजमाप. हे संगीत नाचणारे चार अधिक चार असं आठ मात्रांत मोजतात. केरव्याइतक्याच मात्रा, त्यामुळे पेटी-तबल्याची सवय असलेल्याला हिशेब सोपा जातो. वेग मात्र चांगलाच असतो. नाचायच्या गाण्यांत मिनिटाला साधारण १६० ते २२० मात्रा येतात. १८० धरल्या तर आठ मात्रा पावणेतीन सेकंदांच्या आत संपतात. पाऊल एक-दोन-तीनवर पडतं, चार सोडायचा. पाच-सहा-सातवर पडतं, आठ सोडायचा. मोठ्यानं मोजायला मराठी आकडे चांगले, एका फटक्यात तोंडातून निघतात. फक्त सहाला ‘सा’ म्हणा, नाहीतर सातची घाई होते. कन्नडमधून मोजायला गेलं तर ओंदू, एरडू, मूरू हे लांब आकडे वेग वाढला की मागे पडतात. मिश्र वर्गात मी तर म्हणेन आकडेच सोडा आणि बोल घ्या. कोणत्या भाषेत मोजायचं हा वादही मिटतो, आणि आपल्याकडे असा एखादा वाद मिटणं काही कमी नाही.

आता ऐकणं. सुरुवात बेसपासून, म्हणजे खालच्या सुरांच्या तंतुवाद्यापासून करा, कारण घोळ तिथंच आहे. साल्सातला बेस एक सूर दोन आणि तीनच्या मधोमध लावतो, म्हणजे अडीचवर, आणि दुसरा चारवर. पुढच्या चार मात्रांत तेच: साडेसहावर आणि आठवर. एकवर तो नवा सूर लावत नाही, आठवरचाच ओढत आणतो. शिवाय आठवर लावलेला तो सूर पुढच्या आवर्तनातल्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचा असतो. कॉर्ड बदलली की आपला कान ‘आली सम’ म्हणतो. इथं बेसनं ती एक मात्रा आधीच बदललेली असते. पाय त्या बदलाबरोबर गेला की तो आठवर पडलाच.

दुसरा चकवा काँगाचा. आपले ऑर्केस्ट्रावाले ज्याला तुंबा म्हणतात तोच हातानं वाजवायचा उंच ढोल. त्याच्या नेहमीच्या ठेक्यात दोनवर कोरडी चपराक बसते, ‘टक’, आणि चार व साडेचारवर दोन उघडे, घुमणारे घाव येतात, ‘ढुम-ढुम’. बाकीच्या जागा डाव्या हाताच्या तळव्यानं आणि बोटांनी हलक्या भरलेल्या असतात, त्या स्पीकरवर फारशा ऐकू येत नाहीत. सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतं ते ढुम-ढुम, म्हणून नवखा तिथंच एक मोजायला लागतो. यावर उपाय सोपा आहे. गाणं लावा, पाय हलवू नका, ढुम-ढुम शोधा आणि त्याच्या लगेच नंतर तोंडानं ‘एक’ म्हणा: ढुम-ढुम-एक, ढुम-ढुम-एक. हे न चुकता दोन-तीन मिनिटं जमलं की मग ‘टक’ शोधा, तो तुमच्या ‘एक’नंतर बरोबर एका मात्रेवर सापडतो. टक दोनवर पक्का झाला म्हणजे ताल हातात आला.

ढुम-ढुम-एक म्हणताना एक शंका उरते: आपण म्हणतोय तो एक आहे की पाच? काँगाचा ठेका चार मात्रांत पुरा होतो, तेव्हा त्यावरून हे कळत नाही. यासाठी क्लावे ऐकावी लागते, किंवा गायकाच्या ओळी. ओळी बहुतेक वेळा आठांच्या गठ्ठ्यात येतात आणि नवा गठ्ठा एकच्या आसपास सुटतो. पाचला एक समजून नाचलात तर पाय तालात राहतो, पण गाण्याचं वाक्य संपतं तेव्हा तुमची गिरकी अर्धवट असते.

क्लावे म्हणजे कठीण लाकडाच्या दोन दांड्या आणि त्यांच्यावर वाजणारा पाच घावांचा नमुनाही. एका बाजूला तीन घाव, दुसऱ्या बाजूला दोन. तीन-दोनच्या क्लावेत घाव पडतात ते एक, अडीच, चार, सहा, सात या जागी. आठ मात्रांचे सोळा अर्धे केले तर पहिला, चौथा, सातवा, अकरावा आणि तेरावा. दोन-तीनच्या क्लावेत बाजू उलटतात: दोन, तीन, पाच, साडेसहा, आठ. रुंबा या क्युबातल्या दुसऱ्या प्रकाराच्या क्लावेत तीनच्या बाजूचा शेवटचा घाव अर्ध्या मात्रेनं पुढे सरकतो, चारऐवजी साडेचारवर. टाळी वाजवून पाहा. तो एक घाव सरकला की सगळी चाल बदलते.

यातली तीन घावांची बाजू ओढून धरते आणि दोन घावांची सैल सोडते. केरव्यातल्या भरी-खालीशी तिची जोडी जुळवायचा मोह होतो, पण तो आवरा. खालीवर आपण ठोक्याचं वजन काढतो. क्लावेत वजन तेच राहतं आणि जागा सरकतात. गाण्यात क्लावेच्या दांड्या प्रत्यक्ष वाजल्या नाहीत तरी पियानो, तुताऱ्या (ट्रम्पेटसारखी फुंकायची वाद्यं), गाणारे सगळे तिच्याशी बांधलेले असतात. गाणं एका बाजूनं आणि एखादा वादक दुसऱ्या बाजूनं गेला की जाणकार लगेच नाक मुरडतात. आपल्या पखवाजियानं अभंगात सम उलटी धरली तर जे होईल तेच.

सरावासाठी क्लावेच्या दांड्या करून घेता येतात: शिसवाचे, साधारण २० सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड असे दोन गोल तुकडे. डाव्या मुठीवर एक नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. खाली तळहाताची पोकळी राहिली पाहिजे, आवाज तिथं घुमतो. घट्ट धरला तर खट् असा मेलेला आवाज येतो. दांडियाच्या काठ्या चालत नाहीत, त्यांच्यात वजन नसतं.

हा कान असा का घडला ते क्युबात सापडतं. चिकोडी-अथणीच्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला साखरेचा हंगाम म्हणजे काय हे सांगायला नको. क्युबात तो हंगाम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या अंगावर चालायचा, आणि तिथं गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडलं. योरुबा, कोंगो आणि इतर लोकांनी आपापले ढोल, देव आणि गाणी जगवली. काँगाची घडण कोंगोकडच्या ढोलांवरून आली. एकावर एक रचलेले वेगवेगळे नमुने आणि त्यांना बांधणारी एक ठरलेली खूण, ही बांधणीही पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची. गिटार, काव्यरचना आणि भाषा स्पेनची. हैतीत १७९१ ला उठाव झाला आणि तिथले फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्युबात आले, त्यांच्याबरोबर जोडीनं नाचायचा फ्रेंच प्रकारही आला. त्यातून पुढे दानसोन झाला. मातान्सास शहरातल्या मिगेल फाइल्दे यांची १८७९ ची रचना पहिला दानसोन मानली जाते. मातान्सास आणि हवानाच्या गोदीत, वाड्यांच्या अंगणात लाकडी खोक्यांवर रुंबा वाजायचा. युनेस्कोनं २०१६ मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पूर्वेच्या डोंगराळ भागातून सोन हा गाण्या-नाचाचा प्रकार आला. तारांच्या तीन जोड्या लावलेलं गिटारीसारखं त्रेस, बोंगो ही छोट्या ढोलांची जोडी, माराकास म्हणजे खुळखुळे आणि क्लावे एवढ्यावर तो चाले. आज साल्सा म्हणून जे वाजतं त्याचा कणा हा सोन.

सोनमधली एक गोष्ट आपल्याकडे शिकवावी लागत नाही. गाण्याचा पहिला भाग ठरलेल्या कडव्यांचा असतो. मग मोंतुनो सुरू होतो, त्यात सगळे मिळून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मुख्य गायक दर वेळी तिच्यासमोर नवी ओळ टाकतो. बुवा आणि टाळकरी यांच्यात जे चालतं तेच. नाचणाऱ्यासाठी यात कामाची खूण अशी: मोंतुनो लागला की बोंगो वाजवणारा बोंगो ठेवून मोठी घंटा हातात घेतो. तिचा जाड आवाज एक, तीन, पाच, सातवर ठळक येतो. गाण्याच्या सुरुवातीला ताल सापडत नसेल तर या घंटेची वाट पाहा, तिच्यावर एक शोधणं सगळ्यात सोपं.

मांबोचा गोंधळ मात्र सोडवून घ्यायला हवा, कारण या नावाखाली चार गोष्टी फिरतात. पहिली हवानाची. १९३८ च्या सुमारास आर्कान्यो यांच्या वाद्यवृंदात ओरेस्तेस लोपेझ आणि त्यांचे भाऊ काचाओ यांनी दानसोनच्या शेवटच्या भागात ताल मोकळा सोडला, त्या रचनेचं नाव मांबो. जवळपास त्याच काळात लहानपणीच दृष्टी गेलेले त्रेसवादक आर्सेनियो रोद्रिगेझ सोनच्या छोट्या संचात काँगा, पियानो आणि जादा ट्रम्पेट आणत होते. आजचा साल्साचा भारदस्त आवाज मला तरी सगळ्यात जास्त त्यांचा वाटतो, नाव मात्र इतरांचं झालं. दुसरा मांबो पेरेझ प्रादो यांचा. ते मेक्सिको सिटीत गेले आणि १९४९ पासून त्यांच्या सॅक्सोफोन-ट्रम्पेटच्या झगड्यानं जग वेडं केलं. ते संगीत झगझगीत आहे, पण नाच शिकायला मी ते सांगणार नाही. ताल शोधताना तुताऱ्यांच्या किंचाळ्यांत टक हरवतो.

तिसरा न्यूयॉर्कचा. माचितो यांचा वाद्यवृंद १९४० मध्ये उभा राहिला, संगीताची सूत्रं मारिओ बाउसा यांच्याकडे होती आणि त्यांनी क्युबाचे ढोल जॅझच्या मोठ्या बँडला जोडले. ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये माचितो, तितो पुएंते आणि तितो रोद्रिगेझ यांच्यात चुरस असायची. तिथं पुएर्तोरिकन, कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन एकाच जमिनीवर नाचत, त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. हे सभागृह १९६६ मध्ये बंद झालं. चौथा अर्थ रोजच्या वापरातला: साल्साच्या गाण्यात गायक थांबतो आणि तुताऱ्या एकमेकींवर चढत जातात तो तुकडा. जोडीनं हात सोडून एकेकट्यानं पाय चालवायची जागा तीच.

क्युबात १९५९ ला क्रांती झाली, १९६२ पासून अमेरिकेची पूर्ण व्यापारबंदी आली आणि हवानाचा न्यूयॉर्कशी संगीताचा राबता तुटला. पोकळी भरली ती न्यूयॉर्कमधल्या पुएर्तोरिकन पोरांनी. डोमिनिकन वंशाचे जॉनी पाचेको आणि वकील जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. २६ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये तिच्या कलाकारांचा जो कार्यक्रम झाला तिथून साल्सा हे नाव जगभर पसरायला लागलं. सेलिया क्रूझ, एक्तोर लावो, विली कोलोन, रुबेन ब्लेड्स ही त्या घरची माणसं. क्युबाच्या जुन्या संगीतकारांना हे नवं नाव फारसं रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कोलंबियातल्या काली शहरात तर ३३ च्या वेगाच्या तबकड्या ४५ वर लावून नाचायची टूम निघाली. तिथल्या नाचणाऱ्यांचे पाय आजही त्यामुळेच शिलाईच्या सुईसारखे चालतात.

हे सूर आपल्या कानावर पडलेच नाहीत असंही नाही. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक भरलेले होते, आणि चिक चॉकलेट यांच्यासारखे ट्रम्पेटवाले सोबतीला घेऊन सी. रामचंद्र यांनी १९५० च्या आसपास बोंगो आणि लॅटिन ठेके मराठी-हिंदी घराघरांत पोचवले. फक्त तिथं बेस समेवर आणून ठेवलेला असे. आपल्या कानाची सोय केली होती.

आता पावलं. सुरुवातीला ‘ऑन वन’, म्हणजे एकवर दिशा बदलायची पद्धत घ्या. लीड करणारा, म्हणजे जोडीत वाट दाखवणारा, एकवर डावा पाय पुढे टाकतो, दोनवर उजवा जागच्या जागी, तीनवर डावा परत शेजारी. चारला नवं पाऊल नाही. पाचवर उजवा मागे, सहावर डावा जागच्या जागी, सातवर उजवा शेजारी. फॉलो करणारी नेमकं उलट: एकवर उजवा मागे, पाचवर डावा पुढे. पुढे-मागे जायचं ते आपल्याच एका पावलाच्या लांबीइतकं, त्याहून कमी चालेल. जास्त नको. वेग १८० ला गेला की लांब टाकलेला पाय वेळेत परत येत नाही, मग माणूस तीन गाळतो नाहीतर चारलाही पाऊल टाकतो.

चार आणि आठ हे थांबे नव्हेत. तीनवर टाकलेल्या पायावर अंगाचं वजन चार संपेपर्यंत सावकाश उतरत राहिलं पाहिजे. इथं बरेचजण दुसरा पाय नुसता जमिनीला टेकवतात आणि वजन दोन्हीकडे वाटतात. मग पाचला कोणता पाय मोकळा आहे हेच कळत नाही. तपासायची रीत: सातवर थांबा आणि डावा पाय उचला. अंग न हलता उचलता आला तर वजन बरोबर.

कंबर हलवायची नसते, ती हलते. वाकलेल्या गुडघ्यानं पाऊल टाकलं आणि वजन देताना तो गुडघा सरळ केला की त्या बाजूचा कमरेचा भाग आपोआप बाहेर जातो. मुद्दाम ढकलली की ती उशिरा येते आणि पाठ दुखते. लेझमीवाल्यांची अडचण निराळी, त्यांना प्रत्येक मात्रेला अंग वर उडवायची सवय असते. डोक्यावर वही ठेवून पाचएक मिनिटं नाचा, उडी जाते. टाच आधी टेकवणं हेही आपल्याकडचं जुनं दुखणं. पायाचा पुढचा चवडा आधी, टाच नंतर.

‘ऑन टू’ म्हणजे न्यूयॉर्कची पद्धत. पॅलेडियमच्या काळची चाल दोन-तीन-चार आणि सहा-सात-आठवर पडायची. नाचाचे शिक्षक एडी तोरेस यांनी पुढे जी पद्धत बसवून शिकवली तिच्यात पावलं एक-दोन-तीन, पाच-सहा-सातवरच राहतात, फक्त दिशा दोन आणि सहावर बदलते. लीड करणारा दोनवर उजव्या पायानं मागे जातो आणि सहावर डाव्यानं पुढे. म्हणजे दिशा बदलते तिथं काँगाची टक बसते, आणि क्लावेचा दोन घावांचा भागही त्याच जागी सापडतो. हा नाच जास्त निवांत दिसतो, संगीताच्या पोटात शिरल्यासारखा. तरी आधी ऑन वनच शिका. टक ऐकू यायच्या आत ऑन टू घेतलेला माणूस आकडे पुटपुटत नाचतो आणि जोडीदाराशी बोलणं सोडा, हसतसुद्धा नाही.

चारवर पाऊल पडण्याची ही खोड केवळ आपली नाही. मांबोतले आडवे घाव हवानातल्या नाचणाऱ्यांनाही जड जात होते, हे पाहून व्हायोलिनवादक एन्रिके होर्रिन यांनी चाली सरळ मात्रेवर आणल्या आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला चा-चा-चा तयार झाला. मिनिटाला ११० ते १३० मात्रांचा हा वेग सरावाला उत्तम. गिटारवादक सांताना यांनी १९७० मध्ये गाजवलेलं आणि मुळात तितो पुएंते यांचं असलेलं ‘ओये कोमो वा’ बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं, ते चा-चा-चाच आहे. त्यावर सावकाश मोजा. मग जुने सोन, मग एल ग्रान कोम्बो या पुएर्तोरिकन वाद्यवृंदाची मध्यम वेगाची गाणी. माचितो आणि पुएंते शेवटी.

जोडीतली पहिली गिरकी उजवीकडची. लीड करणाऱ्याचा डावा हात, तिचा उजवा. तीनवर हात वर गेला पाहिजे. चार ही मात्रा तिला समजून घ्यायला मोकळी ठेवलेली आहे. पाचवर ती डावा पाय पुढे टाकते, उजवीकडे अर्धी वळते, सहावर उजव्यावर वजन घेऊन उरलेली वळते, सातवर समोर येते. चूक हमखास एकच: हात पाचवर वर जातो आणि तिला दोन मात्रांत सगळं उरकावं लागतं. दुसरी धोक्याची चूक अंगठ्याची. तिच्या हातावर अंगठा दाबून धरला तर गिरकीत मनगट पिरगळतं, खांदाही दुखावतो. बोटं आकड्यासारखी ठेवा, तिची बोटं त्यांच्यात आपोआप फिरतात.

क्रॉस बॉडी लीड ही त्यापुढची, आणि सगळ्या आकृत्या तिच्यावर उभ्या आहेत. लीड करणारा एकवर पुढे, दोनवर जागेवर आणि तीनवर डावा पाय बाजूला टाकत नव्वद अंश डावीकडे वळतो. आता तिच्यासमोरचा रस्ता मोकळा. पाच-सहा-सातला ती सरळ चालत त्याच्या पुढून पलीकडे जाते आणि वळते. तो तिच्याबरोबर आणखी नव्वद अंश फिरतो, जागांची अदलाबदल होते. रस्ता न सोडता हातानं ओढणारे खूप. ओढायचं काही कारणच नसतं. उजवा हात तिच्या खांद्याच्या फऱ्यावर हलका असला आणि तुमचं अंग खरोखर बाजूला झालं तर ती चालायला लागतेच. अंग वाटेत आणि हात ओढतोय असं झालं की ती वळसा घालून जाते आणि सातच्या जागी आठवर पोचते.

जमिनीचं पाहा. शहाबादी फरशीवर गिरकी अडते, रबरी तळाच्या बुटांत तर पाय जागेवर आणि गुडघा फिरलेला. गुडघे जातात ते असे. गुळगुळीत टाइल्सवर उलट घसरायला होतं. त्यावर कॅरमची पावडर टाकणारे महाभाग आहेत, ते करू नका. घट्ट बसणाऱ्या जुन्या बुटांच्या तळाला चामडं, त्याची आतली मऊ, केसाळ बाजू बाहेर ठेवून, चिकटवून घ्या. नाचाचे तयार बूट महाग पडतात आणि अथणीसारखी चामड्याच्या कामाची गावं आपल्या जिल्ह्यातच आहेत. असा तळ पावसाळ्यात रस्त्यावर घालायचा नाही, ओला झाला की चपटा होऊन घसरतो. तारेच्या ब्रशनं घासून केस पुन्हा उभे करावे लागतात. कोल्हापुरी चप्पल तळाला चांगली असली तरी मागून मोकळी, पहिल्या गिरकीला निघून जाते. बायकांनी सुरुवातीला सपाट किंवा दीड-दोन इंच जाड टाचेचं घ्यावं. ओढणी पिनेनं दोन्ही बाजूंना अडकवा, काचेच्या बांगड्या आणि टोकदार अंगठ्या काढून ठेवा.

लग्नाच्या संगीतासाठी तीन मिनिटांचा ‘साल्सा’ बसवून देणारे सध्या सगळीकडे आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ती कवायत झाली. गाणं बदललं की ती माणसं उभी राहतात. बचाता हा डोमिनिकन रिपब्लिकमधला वेगळा नाच आहे, क्लासच्या पाटीवर शेजारी लिहिलेला असतो एवढंच.

खानापूर, निपाणीसारख्या ठिकाणी आठ-दहाजण जमवून शिकायचं असेल तर रुएदा घ्या. १९५० च्या दशकात हवानाच्या क्लबांत निघालेला हा प्रकार: जोड्या गोलात उभ्या राहतात, एकजण मोठ्यानं आकृतीचं नाव पुकारतो आणि सगळे ती एकदम करतात. ‘दामे’ म्हटलं की प्रत्येकजण शेजारच्या जोडीतली पुढची जोडीदार घेतो. कुणी कुणाबरोबर नाचायचं हा संकोच दोन मिनिटांत संपतो, कारण कुणीच कुणाबरोबर फार वेळ राहत नाही. चार ते सहा जोड्या ठीक. त्यापुढे गोल इतका मोठा होतो की पुढच्या जागी आठ मात्रांत पोचता येत नाही. पुकारणाऱ्यानं नाव पाचच्या सुमाराला टाकावं म्हणजे पुढच्या एकवर सगळे निघतात. सातवर पुकारलं की निम्मा गोल निघतो, निम्मा बघत राहतो.

ढोलकी वाजवणाऱ्यांना काँगाचा मोह होतोच. ठेका असा: एकवर डाव्या हाताची टाच (तळव्याचा मनगटाकडचा भाग), दीडवर त्याच हाताची बोटं, दोनवर उजव्यानं चपराक, अडीचवर डावी बोटं, तीनवर डावी टाच, साडेतीनवर डावी बोटं, चार आणि साडेचारवर उजव्यानं दोन उघडे घाव. उघड्या घावात चार बोटं जुळवून कडेवर आपटायची आणि लगेच उचलायची; चपराकेत तळवा किंचित खोलगट. ढोलकीचा हात एकवर जोर देऊन जागा भरायला बघतो. भरू नका, एकवरची डावी टाच इतकी हलकी हवी की शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. कातडी पानाचा काँगा आपल्या पावसाळ्यात उतरतो, रोज चढवावा लागतो, तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तोच ताणला जाऊन पान फाटू शकतं. वाजवून झालं की प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, आणि चढवताना एकच नट आवळत बसू नका. समोरासमोरचे पाव-पाव फेऱ्यानं घ्या, नाहीतर कडी तिरकी बसते.